घाटातला हा फोटो नेमका कुठला? (महू–पातालपाणी–कालाकुंड)

मालवी_मोगरा

नमस्कार मंडळी. इंदूरला लोकमान्य नगरातलं आमचं जुनं घर आवरायला काढलंय. माळ्यावर आजीची पत्र्याची ट्रंक निघाली. आत लुगडी, पितळी अत्तरदाणी आणि काळ्या पानांचा अल्बम. बहुतेक फोटो लग्नामुंजींचे, कोपऱ्यांत अडकवलेले. एक मात्र सुटा होता, बटरपेपरच्या घडीत. तोच खाली डकवलाय.

मोबाईलवर नीट दिसत नसेल तर सांगते. चौकोनी, काळा-पांढरा फोटो. मधोमध माझी आजी, नऊवारीत. हातात पानात बांधलेला पुडा. शेजारी फ्रॉक घातलेली माझी आत्या, समोरचे दोन दात पडलेले, तोंड भरून हसतेय. मागे वाफेचं इंजिन, डब्याला अगदी चिकटून. पायाशी सीताफळांची टोपली. खाली फोटो काढणाऱ्याची लांबच लांब सावली पडलीय. मागच्या बाजूला शिसपेन्सिलीनं "घाटात. ६" एवढंच उरलंय, पुढचा आकडा पुसला गेलाय.

आजीचं माहेर खंडव्याचं, त्यामुळे इंदूर-खंडवा रेल्वेवरचा महूचा घाट घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला. माझ्या लहानपणी डिझेल आलं होतं, पण बोगदा आला की आम्ही भावंडं घसा फुटेस्तोवर ओरडायचोच, आणि बोगदा संपला की कोण जास्त वेळ ओरडलं यावर भांडायचो. या फोटोतलं स्टेशन मात्र ओळखू येत नाही. आजी १९९८ मध्ये गेली, आजोबा त्याच्याही आधी. आत्या देवासला असते, तिला फोनवर ऐकू येत नाही. बाबा म्हणतात, "मी तेव्हा फारच लहान होतो."

पातालपाणी की कालाकुंड? आणि साल कुठलं असेल? तुमच्याकडेही या गाडीचे फोटो, आठवणी असतील तर इथेच टाका.

बियाबानीकर

पानातला पुडा म्हणजे कालाकुंडचा कलाकंद. विषय संपला! पळसाच्या पानात बांधून द्यायचे. गाडी थांबायच्या आतच खिडकीशी "कलाकंद, कलाकंद" सुरू. आमचे काका एक पुडा गाडीत संपवायचे आणि दुसरा "घरी नेऊ" म्हणून घ्यायचे. दुसरा पुडा महूपर्यंत पोचलेला मी कधी पाहिला नाही.

चष्मेबहाद्दर

एवढ्यात निकाल नको. पानातून जांभळं मिळायची, करवंदं मिळायची. पातालपाणीलाही विकणाऱ्या बाया असायच्या. कालाकुंडच्या पुढचं चोरल स्टेशन का नाही? तिथेही मागे डोंगर आहेच.

बियाबानीकर

जांभळं आणि सीताफळं एका मोसमात कुठून आणणार, चष्मेबहाद्दर? टोपली बघा. दिवाळीच्या आगेमागेचा फोटो आहे.

चष्मेबहाद्दर

हे मान्य. जांभळं मागे घेतो. चोरल मागे घेत नाही.

शेवचिवडा

फोटो फार गोड आहे. आत्याच्या पडलेल्या दातांसाठी १०० गुण.

घाटगार्ड

मी या भागात गार्ड होतो. नोकरीची बरीच वर्षं महू ते खंडवा याच रुळांवर गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फोटोत डाव्या कडेला जो डबा दिसतो तो गार्डाचा, म्हणजे गाडीचा शेवटचा. त्याच्या लाकडी पायऱ्या ओळखू येतात. आणि इंजिनाचं तोंड त्या डब्याला भिडलेलं आहे. याचा अर्थ हे गाडी ओढणारं इंजिन नाही. हे मागून ढकलणारं इंजिन, आम्ही त्याला बँकर म्हणायचो. कालाकुंड ते पातालपाणी चढ चाळीसात एक. म्हणजे चाळीस फूट पुढे गेलात की एक फूट वर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लोखंडाच्या चाकाला लोखंडी रुळावर ते फार होतं. पावसात रूळ ओले झाले की चाक जागच्या जागी फिरायचं आणि रुळावर वाळू सोडावी लागायची. म्हणून चढताना कालाकुंडला मागे इंजिन लागायचं आणि पातालपाणीला सुटायचं. सुटलं की ते एकटंच परत खाली.

तेव्हा चष्मेबहाद्दर, चोरल बाद. चोरलला बँकर लागत नव्हता. आणि गाडी महूकडे चाललेली आहे, खंडव्याकडे नाही, हेही नक्की.

चढताना गार्डाची जागा कुठे, तर गाडी आणि बँकर यांच्या मधोमध. पाठीला इंजिन टेकल्यासारखं. कानात दडे बसायचे. डब्यातला चहा वर येईपर्यंत काळा व्हायचा, दूध कितीही घातलं तरी. घरी गेलो की बायको आधी मान धुवायला लावायची. पण बोगद्यातून बाहेर पडून डाव्या-उजव्या हाताला दरी उघडली, खाली चोरल नदी चमकली, की त्या नोकरीत मी दुसरं काही मागितलं नसतं.

मालवी_मोगरा

घाटगार्ड काका, अंगावर काटा आला! म्हणजे इंजिन मागे आहे म्हणून गाडी चढतेय. आजी माहेराहून परत येत होती तर. पण मग पातालपाणीही शक्य आहे ना? तिथे बँकर सुटायच्या आधी काढलेला असेल तर?

घाटगार्ड

शक्य आहे, बेटा. पण पातालपाणी पठाराच्या कडेवर आहे. तिथे स्टेशनामागे असा अंगावर येणारा डोंगर नाही. कालाकुंड खोऱ्यात, चारही बाजूंनी डोंगर. माझं मत कालाकुंड.

नेरळची_नात

सुंदर धागा. आमच्याकडे असाच एक खजिना आहे, माथेरानच्या गाडीचा. ती दोन फुटी, १९०७ सालची. महूची गाडी तिच्याएवढीच छोटी होती का हो? तुमच्या घाटाचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं. दार्जिलिंग, उटी, शिमला सगळ्यांना माहीत असतं.

घाटगार्ड

नाही ताई, ही मीटरगेज, रुळांमधलं अंतर एक मीटर. आणि ही फिरायला जाणाऱ्यांची गाडी नव्हती. उटीच्या गाडीला चढ बारात एकच्या आसपास, म्हणून तिथे दातेरी रूळ आहे. आमच्याकडे दाते नाहीत, सरळ चाकाच्या पकडीवर गाडी चढायची. चढाच्या हिशेबानं तुमच्या खंडाळ्याच्या घाटाशी तिचं नातं जवळचं. तिथे सदतीसात एक चढ आणि तिथेही मागून इंजिन लावतात.

निमाडी

"फिरायला जाणाऱ्यांची गाडी नव्हती" यावर दुजोरा. आमचं गाव सनावदजवळ. इंदूरचं कॉलेज, इंदूरचा डॉक्टर, इंदूरचं कोर्ट, सगळं या गाडीवर. कालाकुंडला तर कित्येक वर्षं चारचाकी जाईल असा धड रस्ता नव्हता. गाडी हाच रस्ता. आसपासच्या पाड्यांवरचं दूध इंदूरला पोचेपर्यंत नासणार, म्हणून ते तिथेच आटवायचं आणि गाडीतल्या लोकांना विकायचं. तो कलाकंद तुम्हाला मौज वाटते, त्या घरांची ती चूल होती.

पुणे_३०

अवांतर: हा मार्ग होळकरांच्या पैशातून झाला ना? इंग्रजांनाच कर्ज दिलं होतं म्हणतात, ते खरं का?

बियाबानीकर

अगदी खरं. तुकोजीराव होळकर दुसरे. एक कोटी रुपये, साडेचार टक्के व्याज, १०१ वर्षांची मुदत. आणि संस्थानातली जमीन फुकट. खंडव्यापर्यंत मुंबईकडची मोठी लाईन (ब्रॉडगेज) आधीच आली होती. तिला इंदूर जोडायचं, म्हणून खंडव्याकडून काम सुरू झालं. १८७४ मध्ये गाडी सनावदपर्यंत आली, १८७६ मध्ये मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल झाला, मग घाट, आणि १८७८ च्या सुरुवातीला इंदूर. नाव होळकर स्टेट रेल्वे. पुढे राजपुताना-माळवा रेल्वेत गेली, मग बीबी अँड सीआय म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेमध्ये आणि १९५१ पासून पश्चिम रेल्वे.

आमच्या आजोबांच्या तोंडून "बीबीसीआय" शेवटपर्यंत गेलं नाही. १९७५ सालीही ते "बीबीसीआयनं आलो" म्हणायचे.

अकोट_फैल

इथे कुणी १४ एप्रिलबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

मी अकोल्याचा. आमच्यासाठी ही गाडी म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मगावाला जाणारी गाडी. अकोला, खंडवा, महू सगळं मीटरगेज होतं तोवर गाडी न बदलता जाता यायचं. १९९१ हे जन्मशताब्दीचं वर्ष. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आई, वडील, दोन मावश्या, शेजारची तीन घरं, सगळे निघालो. अकोल्यालाच डबा गच्च भरला. माणसं दारात, पायरीवर. मी रात्रभर मावशीच्या मांडीवर आणि मावशी ट्रंकेवर.

पहाटे कालाकुंडला गाडी थांबली. मागून इंजिन लागल्याचा धक्का बसला आणि डब्यातली झोपलेली सगळी माणसं एकदम जागी झाली. कुणीतरी "जय भीम" म्हटलं. मग पुढच्या डब्यातून आलं, मग मागच्या. घाट चढेपर्यंत ते थांबलं नाही. बोगद्यात तर तो आवाज छातीत वाजायचा. वडील गिरणीत कामाला होते, फारसं बोलायचे नाहीत. त्या दिवशी खिडकीतून दरी दाखवत ते माझ्याशी जेवढं बोलले, तेवढं पुढे क्वचित बोलले.

आमच्याकडे त्या प्रवासाचा एकच फोटो आहे, महू स्टेशनच्या पाटीखाली काढलेला. अकरा माणसं. पाटीवर महू. २००३ मध्ये महूला बाबासाहेबांचं नाव दिलं, तेव्हा वडील म्हणाले, "आता पुन्हा जाऊन पाटीखाली फोटो काढायचा." गेलो. दोन्ही फोटो एकाच चौकटीत लावलेत. दुसऱ्यात सात माणसं आहेत.

मालवी_मोगरा

अकोट_फैल, हे वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. जमल्यास ती चौकट इथे दाखवाल का?

अकोट_फैल

आईला विचारून टाकतो. तिचा फोटो आहे, तिला विचारायला हवं.

निमाडी

आणि तंट्या मामा, इंग्रजांशी लढलेले तंट्या भिल्ल! त्यांना विसरून या घाटावर लिहू नका. पातालपाणीला रुळाजवळ त्यांचं ठाणं, म्हणजे छोटं देवस्थान आहे. गाडी तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नसे. ड्रायव्हर नारळ वाहायचे. १८८९ मध्ये इंग्रजांनी त्यांना जबलपूरला फाशी दिली. आमच्याकडे आजही गरिबाच्या घरी लग्न असलं की म्हाताऱ्या म्हणतात, "मामा पाठीशी आहे."

चष्मेबहाद्दर

गाडी थांबायची ती ब्रेक तपासायला. उतार सुरू होण्याआधी तपासणी सक्तीची असते. बाकी लोकांची श्रद्धा.

घाटगार्ड

दोघंही बरोबर आहात. महूकडून येताना पातालपाणीला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी खाली सोडायची नाही, हा नियम. कागदावर सही माझी असायची. आणि सही झाल्यावर ठाण्याकडे बघून हात जोडायचो, तोही मीच. चाळीसात एकच्या उतारावर भरलेली गाडी घेऊन जाणाऱ्या माणसाला ही दोन कामं वेगळी वाटत नाहीत.

शेवचिवडा

हा प्रतिसाद मी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवतेय. माझे सासरे लोको शेडमध्ये होते. हेच शब्द त्यांचे.

पुणे_३०

एक वेगळं मत मांडतो, रागावू नका. सगळे हळहळताय, पण मोठी लाईन हवीच होती. माझी बहीण इंदूरला दिलेली आहे. इंदूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या मालगाड्यांना, प्रवाशांना किती वळसा पडतो! मीटरगेजचं बेट करून ठेवलं तर निमाडचंच नुकसान.

निमाडी

रागावत नाही, मीही मोठ्या लाईनच्याच बाजूचा. आमच्या पिढीनं त्यासाठी निवेदनं दिली आहेत. पण २०१७ च्या सुरुवातीला अकोला-खंडवा बंद झालं, आणि जानेवारी २०२३ च्या अखेरीस महू ते ओंकारेश्वर रोड स्टेशन हा भागही. मधल्या वर्षांत माझी आई बसच्या खुर्चीत कंबर धरून इंदूरला जात राहिली. काम व्हावं, आणि लवकर व्हावं. नवी लाईन चढ कमी करण्यासाठी लांबून, मोठ्या बोगद्यांतून नेतायत, त्याला वेळ लागणार हे कळतं. आईची कंबर वेळ देत नाही.

बियाबानीकर

घाटाचा तुकडा वाचलाय एवढं तरी समाधान. २५ डिसेंबर २०१८ ला हेरिटेज गाडी सुरू झाली, महू ते कालाकुंड, पंधरा-सोळा किलोमीटर. नंतर मोठ्या काचांचे डबेही आले. मी नातवंडांना घेऊन श्रावणात गेलो होतो. पातालपाणीचा धबधबा भरून कोसळत होता, भाजलेली कणसं, माकडं, सगळं होतं. नातू म्हणाला, "आबा, ही गाडी पुढे कुठे जाते?" म्हटलं, कुठेच नाही, इथूनच परत. त्याला ते काही पटेना. गाडी आहे तर पुढे गेलीच पाहिजे.

डार्करूम

उशिरा आलो. फोटोग्राफीचं जुनं दुकान होतं आमचं, म्हणून फोटोकडे त्या नजरेनं पाहिलं.

चौकोनी प्रिंट म्हणजे १२० ची फिल्म, एका रोलवर बारा फोटो. साठच्या दशकात मध्यमवर्गीय घरात आग्फा क्लिक थ्री असायचा, बहुधा तोच. त्यावर झूम नाही, फोकस नाही, सूर्य पाठीमागे ठेवायचा एवढाच नियम. म्हणूनच सावली फोटोत आली. बारा फोटोंतला एक प्रवासात असा खर्च करायचा म्हणजे विचार करूनच.

धागाकर्तीला विनंती: मोबाईलनं काढलेला फोटो नको, स्कॅन करा, निदान १२०० डीपीआयवर. उजव्या कडेला पांढरट काहीतरी आहे, ती स्टेशनाची पाटी वाटते. आणि सावलीचा आकार मला चमत्कारिक वाटतो. डोक्याच्या जागी नुसतं डोकं नाही. हॅट आहे का? आजोबा हॅट घालायचे?

चष्मेबहाद्दर

हॅट नाही, मागच्या शेडची सावली मिसळली असेल.

घाटगार्ड

मलाही शेडचीच वाटते. पत्र्याच्या शेडला वर टोपी असायची.

मालवी_मोगरा

आजोबा काळी टोपी घालायचे, हॅट कधीच नाही. उद्या स्कॅन करते. आमचे जुने निगेटिव्ह एका स्टुडिओत दिले होते, ते परत मिळालेच नाहीत. त्यामुळे ही प्रिंट घरातच, माझ्या हातानं स्कॅन करणार.

नेरळची_नात

नख लावू नका, कडेनं धरा. आमच्या एका फोटोवर पणजीच्या गालावर माझ्याच बोटाचा ठसा उमटलाय, अजून जात नाही.

मालवी_मोगरा

स्कॅन टाकलाय. डार्करूम, खूप आभार. ती पाटीच आहे. कडेला इंग्रजीतल्या शेवटच्या अक्षराचा गोल पोटाचा भाग आलाय.

डार्करूम

तो "डी" आहे. पातालपाणीचं इंग्रजी स्पेलिंग "आय"वर संपतं, चोरलचं "एल"वर. डीवर संपणारं या तिघांत एकच.

बियाबानीकर

कालाकुंड! मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

चष्मेबहाद्दर

चोरल मागे घेतलं. बियाबानीकरांना एक पुडा कलाकंद माझ्याकडून लागू. दुसरा घरी न्यायचा.

मालवी_मोगरा

चार दिवस इथे आले नाही, कारण देवासला गेले होते. फोनवर ऐकू येत नाही म्हणून आत्याला काही विचारायचं टाळत होते. स्कॅन मोठा छापून नेला आणि समोर ठेवला.

तिनं आधी स्वतःच्या दातांवरून बोट फिरवलं. मग सगळं घडाघडा सांगितलं. कार्तिकी पौर्णिमेला ओंकारेश्वराची यात्रा करून सगळे परत येत होते, खंडव्याहून नाही, म्हणजे माहेराहून येत असल्याचा माझा अंदाज चुकला. उन्हं कलली होती. पुढचे दोन दात तिला सातव्या वर्षी, एकाच आठवड्यात पडले होते. तिचा जन्म १९५७ चा, म्हणजे हा १९६४. पुड्यात कलाकंदच. आजीनं तो इंदूरला येईपर्यंत सोडू दिला नाही, कारण तो शेजारच्या बाळंतिणीसाठी घेतला होता. "मी महूपर्यंत त्या पानाचा वास घेत बसले होते," असं म्हणाली.

मग मी तिला सावली दाखवली. विचारलं, आजोबांनी डोक्यावर काय घातलं होतं?

ती म्हणाली, "अगं, घातलं काय? तो तुझा बाप आहे. तीन वर्षांचा होता. खाली ठेवला की इंजिनाकडे धावायचा, म्हणून दादांनी त्याला खांद्यावर घेतला आणि तसाच फोटो काढला. आई ओरडत होती, पोर पडेल म्हणून."

आता सगळं स्पष्ट दिसतंय. वरची छोटी गोल सावली म्हणजे डोकं. बाजूला जे शेडचं टोक वाटत होतं, तो वर केलेला हात आहे.

आजोबा आणि बाबा यांचा एकत्र फोटो आमच्या घरात एकही नाही. कॅमेरा कायम आजोबांच्या हातात. बाबांना रात्री दाखवला. त्यांनी चष्मा काढून, पुसून पुन्हा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला उंचावरून धूर दिसायचा, हे आठवतं. मी ते स्वप्न समजत होतो."

शेवचिवडा

ऑफिसात बसून रडतेय.

अकोट_फैल

आईनं हो म्हटलं. चौकट खाली टाकतोय. डावीकडून तिसरा मी, वडिलांचा हात माझ्या डोक्यावर आहे.

घाटगार्ड

मी शेडची सावली म्हणालो होतो, चुकलो. बेटा, याची एक प्रिंट मला पाठवशील का? त्या फोटोत गार्डाच्या डब्याच्या पायरीवर एक बूट दिसतोय. माझ्या आधीच्या कुणाचा तरी आहे. माझ्या टेबलासमोर लावेन.

डार्करूम

मॅट कागदावर छापा, चकचकीत नको. आणि कापताना खालची कड अजिबात कापू देऊ नका. दुकानदार सावली दिसली की कापतात.